डोक्यावरची गिरणी

पहाटे साडेपाचला आमच्या छतात दळण सुरू होतं. छतावर नाही, छतात. वरच्या वहिनींची घरघंटी आमच्या निजायच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर आहे. तिची घरघर आधी पलंगाच्या पायांत उतरते, मग उशीत येते, मग दाढेत. कानाला कळतं ते सगळ्यात शेवटी. दोन वर्षांत मी इतका तयार झालोय की पांघरुणात पडल्या पडल्या गहू आणि ज्वारी ओळखतो. ज्वारीला सुरुवातीला तडतड जास्त, गव्हाचा सूर खालचा आणि चिवट. चकलीची भाजणी असली तर मध्येच तांदूळ लागल्यासारखा आवाज चढतो. बायको म्हणते, हे सगळे तुमचे भास. असतील. पण झोप मोडलेल्या माणसाने वेळ घालवायचा कसा?

मी मूळचा लालबागचा, चाळीतला. त्यामुळे आवाजाबद्दल तक्रार करताना मला थोडी लाजही वाटते. दहा बाय बाराची खोली, पुढे सामायिक गॅलरी, आणि भिंतीपलीकडे कोण खोकतंय हे खोकल्याच्या जातीवरून कळायचं. एका खोलीत रेडिओ लावला की तो मजल्याचा रेडिओ असे. तिथे वाढलेल्या माणसाने एका घरघंटीने हैराण व्हावं, हे मलाच पटत नव्हतं. पुष्कळ दिवस विचार केला तेव्हा लक्षात आलं की चाळीत आवाज कितीतरी जास्त होता, पण त्याला उत्तर देता येत होतं.

अण्णा कापडाच्या गिरणीत, साचेखात्यात होते. शेकडो साचे एकदम चालतात त्या खात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलत. अण्णांचे कान त्या खात्यानेच जाड केले होते. घरी साधं 'मीठ दे' म्हणत तेही साच्यावरून हाक मारल्यासारखं. तरी तिसरी पाळी करून आले की दिवसा झोपलेले असताना शेजारी कोणी खलबत्ता घेतला की ते उठून बसत. चाळीचा सांगाडा लाकडी, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कोबा. कुटण्याचा धक्का त्यातून सरळ पाठीला लागे. त्यांच्या कानाला ऐकू येत नसे, अंगाला कळे.

मग आई गॅलरीत जाऊन ओरडे, "अगो, तिसरी पाळी हा त्यांची, मागीर कूट!"

"बरा गो बाय, माझ्या ध्यानातच नाय!" पलीकडून उत्तर येई आणि खलबत्ता थांबे.

कोणाची कुठली पाळी आहे हे मजल्याला पाठ असे. पाळी बदलली की शांततेची जागा बदले. ज्या दारामागे रात्रपाळीचा माणूस झोपलाय, त्या दारासमोरून आम्ही पोरं चपला हातात घेऊन जात असू. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कोणी मोडलं तर कानाखाली बसे, आणि ती आपल्याच आईची असेल असंही नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या मजल्यावर त्याचा पहिला परिणाम झाला तो आवाजावर. पाळ्याच नाहीत म्हटल्यावर दिवसा कोणासाठी गप्प राहायची गरज उरली नाही. पोरं गॅलरीभर धावू लागली. अण्णा दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेले असत, झोपलेले नसत. शेजारचा खलबत्ता वाजत राही. आई दाराशी जाई, चौकटीला हात लावून उभी राही आणि परत येई. ओरडायला तिच्याकडे कारण नव्हतं.

चाळीचं गुणगान करायचं नाही, एवढं बजावून ठेवतो. तिथेही उत्तर देण्याचा अधिकार सगळ्यांना नव्हता. नव्या सुनेने गॅलरीत येऊन 'जरा हळू' म्हटलं असतं तर मजला वर्षभर पुरवून पुरवून बोलला असता. पोटभाडेकरूही सगळं मुकाट ऐकून घेई. शिवाय रात्री नवरा बायकोला मारतोय हेही सगळ्यांना ऐकू येई, आणि तेव्हा मात्र मजला बहिरा होई.

तर आता ठाणे. सात मजल्यांची इमारत, आम्ही पाचव्यावर. फ्लॅट घेतला तेव्हा करारनाम्यात कार्पेट एरिया दशांश चिन्हाच्या पुढेही मोजलेला होता. फरशीचा आकार, नळांची कंपनी, किचनच्या ओट्याचा दगड, सगळं होतं. वरचं किती खाली ऐकू येईल याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिरोधनावर वेगळा विभाग आहे हे मला फार नंतर कळलं. घर बघायला गेलेला माणूस नळ सोडून बघतो, खिडकीतून डोकावून ऊन बघतो. 'जरा वर जाऊन उड्या मारा बरं' असं बिल्डरच्या माणसाला सांगणारा अजून मला भेटायचाय.

आवाज घरात दोन वाटांनी येतो. हवेतून येतो तो टीव्हीचा, भांडणाचा, कुत्र्याचा. खिडकी लावली की तो बराचसा बाहेर राहतो. दुसरा येतो इमारतीच्या हाडांतून. वरच्या फरशीवर काही आपटलं, ओढलं, थरथरलं की पाच-सहा इंचांचा स्लॅब ढोलाच्या कातड्यासारखा हलतो. स्लॅब, बीम, कॉलम हे सगळं एकसंध ओतलेलं, त्यामुळे थरथर कुठून निघून कुठे पोचेल सांगता येत नाही. रात्री छतावर गोट्या सांडल्याचा आवाज येतो तो पुष्कळांनी ऐकला असेल. त्याची शपथ घेऊन वरच्या पोराला चोर ठरवू नये. नळ झटकन बंद झाला की पाइपातलं पाणी धडकतं, तेही असलेच आवाज काढतं. आम्ही एकदा गोट्या मोजत बसलो होतो आणि वरच्या घराला आठ दिवस कुलूप होतं.

हाडांतून येणाऱ्या या आवाजावर खालच्या माणसाच्या हातात जवळजवळ काही नसतं. पडदे लावा, कापूस घाला, तो येतोच. इलाज वरच, यंत्राच्या पायाशी. म्हणजे अठरा पायऱ्या चढून बेल वाजवणं आलं. त्या अठरा पायऱ्या चढायला मला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत मी बाकी सगळं केलं. पहिल्यांदा केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं. तीनदा. वरून तीनदा ठकठक परत आली. तो राग होता, नमस्कार होता की वहिनींच्या हातून लाटणं पडलं होतं, मला आजतागायत माहीत नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'काही सदस्यांच्या घरातून पहाटे यंत्रांचा आवाज येतो, कृपया इतरांचा विचार करावा.' तासाभरात पंधरा अंगठे आले. पहिला अंगठा वरच्या वहिनींचा. दुसऱ्या मजल्याने लिहिलं, आमच्याही वर असंच चालतं. तिसऱ्याने लिहिलं, आमच्याही. सगळ्या इमारतीला आपल्या वरच्याचाच त्रास होता. सातव्या मजल्याच्या वर कोणी राहत नाही, म्हणून त्यांनी टाकीच्या पंपाची तक्रार केली.

सेक्रेटरी म्हणाले, लेखी द्या, नावानिशी. बाय-लॉजमध्ये इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये हे आहेच, आपण नोटीस काढू. नावानिशी म्हटल्यावर माझा हात थांबला. गॅलरीत उभं राहून नाव घेऊन ओरडणाऱ्या बाईचा मी मुलगा. मला सहा ओळींच्या अर्जाखाली सही करवेना.

मग कायदा वाचला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. दहाचाच फरक दिसतो, पण डेसिबलचं गणित वेगळं असतं. दहाने वाढला म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. आणि कायद्याची रात्र १० वाजता सुरू होऊन सकाळी ६ ला संपते. म्हणजे साडेपाच ही रात्र! मला अर्ध्या तासाचा गुन्हा सापडला. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि पहाटे छताकडे फोन धरून उभा राहिलो. ५२. बायको उठली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता कूस बदलून झोपली. घरघंटी थांबल्यावर पुन्हा मोजलं. ४६. हा आमचा पंखा आणि फ्रिज. म्हणजे घरघंटीच्या आधी माझा पंखाच रात्रीचा कायदा मोडत होता. मुळात ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची, निजायच्या खोलीतल्या मोबाइलची नव्हे. पण पहाटे साडेपाचला असला विवेक कोणाकडे असतो?

कायद्याला मी हसत नाही. मिरवणुकीतली डीजेची भिंत किंवा मध्यरात्रीचा लाउडस्पीकर असेल तर तिथे कायदाच लागतो, बेल वाजवून भागत नाही. माझ्या एका मित्राने वरच्या घरातल्या रोजच्या पार्ट्यांना कंटाळून पुण्यातला राहता फ्लॅट विकला. तो सगळं करून थकला होता, गोड बोलूनसुद्धा. समजुतीने सगळं सुटतं असं सांगणारे बहुधा वरच्या मजल्यावर राहत असावेत.

एके दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे आजोबा भेटले. आमच्या बरोबर खालचे. लिफ्टचं दार लागल्यावर म्हणाले, "एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"पूर्वी तुम्ही रात्री एकदा उठायचात. हल्ली तीन-चारदा उठता. साखर तपासलीत का?"

मला उत्तर सुचेना. ते पुढे म्हणाले, "नाही, म्हणजे खुर्ची ओढता ना तुम्ही उठताना, टेबलाजवळची. मग बाथरूम. परत खुर्ची. सहा वर्षं ऐकतोय."

"सहा वर्षं? आधी बोलला नाहीत ते!"

"काय बोलणार? खुर्ची तुमच्या घरातली."

साखर मी तपासली. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. त्याच दिवशी खुर्चीच्या चारही पायांना रबरी बूट घातले, दुकानात वीस मिनिटांचं काम. सहा वर्षं मी एका म्हाताऱ्या माणसाची झोप ओरबाडत होतो, आणि माझ्या कानावर त्या खुर्चीचा आवाज कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अठरा पायऱ्या चढलो. वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या भुवईवर पीठ होतं. मी दारातच घाईघाईने सगळं सांगून टाकलं, पलंग, उशी, दाढ.

"अगं बाई, खाली येतो आवाज?" त्या खरंच दचकल्या. "मग सांगायचं नाही का भाऊजी? ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, मला वाटलं तिसऱ्या मजल्यावरच्या मशिनबद्दल आहे ते. मी अंगठापण दिला."

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद झाली, तिथे मोबाइलचं दुकान आलं. तेव्हापासून त्या चार घरांची दळणं आणि दिवाळीत भाजणी करून देतात. सातच्या गाडीला निघायचं, म्हणून पहाटे. गिरणी हा शब्द त्या बोलता बोलता सारखा वापरत होत्या, 'माझी गिरणी', 'गिरणी लावते', आणि मी दरवेळी क्षणभर लालबागला जाऊन येत होतो.

"किती वाजता चालेल तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी सहा म्हणालो. का, ते सांगितलं नाही. यंत्राखाली जाड रबराचा तुकडा घालायचं ठरलं. तो मीच आणून दिला आणि चाकांखाली सरकवायला मदतही केली. आवाज गेला नाही. निम्म्याहून कमी झाला असेल. गहू आणि ज्वारी आता मला ओळखता येत नाहीत, तेवढी विद्या गेली.

गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी वहिनींनी किचनच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकं घालून हाक मारली, "भाऊजी, आज भाजणी आहे हो! साडेसातपर्यंत चालेल!"

"चालू द्या!" मी खालून ओरडलो. आणि चौथ्या मजल्यावरून आजोबांचा आवाज आला, "आम्हालाही पाव किलो ठेवा!"

दुपारी ग्रुपवर नोटीस आली: 'काही सदस्य सकाळी डक्टमधून मोठ्याने बोलतात. इतरांना त्रास होतो. कृपया काळजी घ्यावी.' नाव कोणाचंच नव्हतं. आम्ही तिघांनीही अंगठा दिला.