फियाट, सासूबाई आणि कान्हेरीची वाट

वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही चाळीच्या गच्चीवर उभे राहिले की मागे येऊरचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात हिरवागार, मे महिन्यात तपकिरी. कामावर जाता-येता आपण तो रोज पाहतो आणि विसरून जातो. या डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत, कान्हेरीची लेणी आहेत. मध्ये जंगल असल्यामुळे ठाण्याच्या माणसाला मोठा वळसा घालून बोरिवलीच्या फाटकातून जावे लागते. आपल्यापैकी पुष्कळजण कान्हेरीला गेलेले असतात, पण ते बुद्धपौर्णिमेच्या गर्दीत, मंडळाच्या ट्रकमधून किंवा शाळेच्या सहलीतून. घरच्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन, सावकाश, सगळ्या कुटुंबाने जाणे फार थोड्यांना जमते. आम्हाला ते जानेवारी 2004 मध्ये जमले. एका जुन्या फियाट गाडीमुळे जमले, म्हणून आधी त्या गाडीबद्दल सांगते.

माझे पती इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत सतरा वर्षे टर्नर होते. 2001 साली ती कंपनी बंद पडली. हिशोबाचे पैसे द्यायला मालकाकडे रोकड नव्हती, की द्यायची नव्हती, ते तेच जाणोत. शेवटी चार-सहा महिने खेटे घातल्यावर थोडी रक्कम हातात आली आणि उरलेल्या पैशांच्या बदल्यात शेडच्या मागे पडून असलेली मालकाची गाडी मिळाली. 1970 सालची फियाट 1100 डिलाइट. चारही टायर बसलेले, डिकीत उंदरांनी घर केलेले. गल्लीत ती दोरखंडाने ओढून आणली तेव्हा शेजारी हसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "सतरा वर्सांची मेहनत हाय ती. हसू नका."

ज्यांनी या गाड्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी 1964 पासून तयार होत असे. पुढे 1970 च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले आणि तीच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांच्या ओळखीची झाली. 1089 सी.सी.चे पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा खाली नसून स्टीअरिंगच्या खांबाला, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. त्यामुळे ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारे माणूस आणि एक लहान मूल आरामात बसते. थंडीत सुरू करायची तर चोकची मूठ ओढावी लागते. आतमध्ये इलेक्ट्रॉनिक असे काहीच नाही. लेथवर काम केलेल्या माणसाला तिचा प्रत्येक भाग समजतो.

पतींना दुसरीकडे कंत्राटी काम मिळाले होते. तिथून आल्यावर रात्री आणि दर रविवारी ते गाडीला लागत. कार्बोरेटर उघडून साफ केला, ब्रेक नवे केले, काही बुशिंगा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर काढल्या. पत्रा ठोकून रंग दिला. आर.टी.ओ.चे कागद नीट करून घेतले. दोन वर्षांनी गाडी स्वतःच्या पायावर गल्लीबाहेर गेली. पण तोवर आमची मुलगी दहावीला आली होती. तिला इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करायचा होता आणि फीचा आकडा आमच्या पगारात बसत नव्हता. एका गिऱ्हाइकाने गाडी पाहिली, पसंत केली, बयाणा दिला. 1 फेब्रुवारीला तो गाडी नेणार असे ठरले.

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, "इकायच्या आधी मला एकदा कान्हेरी दाव. माझं गुडघं आता बसनं-ट्रेननं नाय यायचं." चाळीस वर्षे ठाण्यात काढून त्यांनी कान्हेरी पाहिली नव्हती. त्या माणगाव तालुक्यातल्या. लग्नानंतर 1965 च्या सुमारास ठाण्याला आल्या, तेव्हा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ नुकतेच स्थापन झाले होते आणि वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. त्या शेडच्या बांधकामांवर त्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली. इस्टेटच्या कितीतरी भिंतींमध्ये त्यांचा घाम आहे. रविवारी सुट्टी मिळाली तरी कपडे, पाणी, दळण यात जायची. कान्हेरी राहून गेली.

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी पहाटे निघालो. तांदळाच्या भाकऱ्या, बटाट्याची भाजी, सुकटीची चटणी आणि पाण्याचा एक मोठा कॅन. तो अर्धा आमच्यासाठी, अर्धा रेडिएटरसाठी. पुढे पती, सासूबाई आणि मध्ये धाकटा मुलगा. मागे मी, मुलगी आणि दिरांची दोन मुले. माजिवड्यावरून घोडबंदर रोडला लागलो. कासारवडवली मागे पडली की गायमुखपाशी एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला जंगल सुरू होते. हा रस्ता उद्यानाच्या उत्तर कडेनेच जातो. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत होती आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. सासूबाईंनी काच खाली केली होती. म्हणाल्या, "गावची हवा हाय ही." काशीमिरा, दहिसर चेकनाका असे करत पस्तीसेक किलोमीटर झाल्यावर बोरिवलीचे फाटक आले.

त्या वेळी तिकीट काढून खासगी गाडी कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत नेता येत असे. फाटकापासून सहा-सात किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. हे उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडे मोठे आहे. त्यात बिबटे आहेत, हरणे आहेत, आणि मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे तलावही आहेत. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे जंगल जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मुले खिडकीतून वाघ शोधत होती; दिसली ती माकडे.

शेवटच्या चढावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मुलांचे चेहरे उतरले. पतींनी बॉनेट उघडले, हात लावून पाहिला आणि हसले. जुन्या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनला लागून असतो. इंजिन तापले की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पुढे ढकलता येत नाही, म्हणून इंजिनला पेट्रोल मिळत नाही. सासूबाईंनी न सांगताच डब्याला बांधलेले फडके सोडून दिले. ते ओले करून पंपावर गुंडाळले, दहा मिनिटे थांबलो आणि गाडी पुन्हा सुरू झाली. मुलगी हे सगळे बारकाईने पाहत होती. "वाफ दाबली जाते आणि पाणी दाबलं जात नाही, असं आमच्या पुस्तकात आहे," ती म्हणाली. पती म्हणाले, "मग परीक्षेत हेच लिही."

कान्हेरीला बसाल्टच्या काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्खूंची वस्ती होती. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहून अभ्यास करायला, भिक्खू अशा ठिकाणी येत. सासूबाईंना धरून धरून पायऱ्या चढवल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मोठा चैत्य आहे. बाहेरच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन उभ्या बुद्धमूर्ती, दोन-तीन माणसे एकावर एक उभी केली तरी पुरणार नाहीत एवढ्या उंच. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. आम्ही वंदना म्हटली. आवाज छताला लागून परत येत होता आणि धाकटा घाबरून आजीला चिकटला.

अकरावे लेणे लांबरुंद आहे. जमिनीतून खडकाचेच दोन लांब, बुटके ओटे कोरलेले आहेत. मुलांनी विचारले हे काय. सासूबाई म्हणाल्या, "पंगत. दोन्ही बाजूंनी बसायचं." अभ्यासक या ओट्यांबद्दल वेगवेगळी मते सांगतात, पण त्यांत भोजनाचे किंवा सभेचे दालन हेही एक मत आहे. आजी बरोबर निघाली म्हणून मुले खूश झाली.

मात्र सासूबाई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या पाण्याच्या टाक्यापाशी. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी खडकात कोरलेले टाके आहे. त्याला जुन्या लेखांत पोढी म्हणतात. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकात बारीक पन्हळी कोरून ते टाक्यांत आणलेले आहे. सासूबाईंनी किसन नगरच्या नळावर पहाटे तीनला उठून हंडे लावलेले. त्यांचे वडील मार्च 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर चालत गेलेले. त्या टाक्याच्या कडेला बसून म्हणाल्या, "सगळ्यांच्या दाराशी पाणी. भांडान नाय, रांग नाय." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे ज्यांनी फोडलं, त्यांचं नाव हाय का खयं? का नुस्तं पैसं देनाऱ्याचं?"

भिंतीवर ब्राह्मी अक्षरे होती, पण आम्हा कोणाला ती वाचता येत नव्हती. पायथ्याशी आदिवासी बायका काकड्या आणि बोरे विकत होत्या. तिथे बसून भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी पोचलो. 1 फेब्रुवारीला गिऱ्हाईक आले आणि गाडी घेऊन गेले. पतींनी त्याला चोक किती ओढायचा आणि ओले फडके कुठे ठेवायचे ते समजावून सांगितले. ते पैसे बँकेत राहिले आणि जुलैमध्ये मुलीची पहिली फी त्यातून भरली.

सासूबाईंचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. वाचनालयातून कान्हेरीवरची पुस्तके आणली, शिकलेल्या ओळखीच्या माणसांना विचारले. तेव्हा कळले ते असे. कान्हेरीत शंभराच्या आसपास लेख आहेत आणि त्यांतले बहुतेक दानाचे आहेत. दान देणारे सगळे राजे आणि सावकार नाहीत. भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, साधे गृहस्थ आणि त्यांच्या बायका आहेत. सोपारा, नाशिक, चौल आणि आपले कल्याण या गावांची नावे वारंवार येतात. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. आणि नंद नावाच्या कल्याणच्या लोहाराने वाट करून दिली. त्याच्याकडे लेणे कोरून देण्याएवढे पैसे नसतील. म्हणून वर चढणाऱ्या माणसाचा पाय घसरू नये एवढे त्याने केले, आणि त्याचेही नाव दगडावर लिहिले गेले. मोठ्या चैत्याचे दान दोघा व्यापारी भावांचे, पण त्याच लेखात दगड कोरणारे कारागीर आणि दगड घासून गुळगुळीत करणारा यांचाही उल्लेख आहे.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा हे त्यांना वाचून दाखवले. त्यांनी सूप खाली ठेवले. "म्हंजे त्या टायमाला लोहाराला पन लिवून ठेवलं," त्या म्हणाल्या. "आमच्या शेडवर कुनी नाय लिवलं." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "तू इंजिनेर झालीस का लिव. काम कुनी केलं त्ये आदी लिव."

वाचकहो, सासूबाई 2011 मध्ये गेल्या. मुलीचा डिप्लोमा 2007 मध्ये झाला. आज ती एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पाळी संपली की कामाच्या नोंदवहीत ती मशीनचा नंबर लिहिते, आणि त्याच्या शेजारी मशीन चालवणाऱ्याचे पूर्ण नाव लिहिते. फियाटच्या काळ्या-पिवळ्या बहिणी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, फेरफार न केलेल्या गाडीला आता व्हिंटेज म्हणतात. आमची गाडी कुठे असेल तर तिलाही तो मान मिळाला असेल. ठाणे आणि बोरिवली जोडणारा जुळा बोगदा या उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. त्याचे भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झाले. तो झाला की घोडबंदरचा वळसा वाचेल. पण त्यासाठी थांबू नका. घरातले म्हातारे माणूस गुडघ्यांची वाट पाहत थांबत नसते.

थंडीतला एखादा रविवार धरा. सोमवारी लेणी बंद असतात. गाडी आत सोडतात की नाही ते फाटकावर विचारून घ्या. नियम बदलत असतात. प्लास्टिक नेऊ नका, माकडांना काही घालू नका, भिंतीवर नाव कोरू नका. चैत्य बघा, मूर्ती बघा, पाण्याची टाकी अवश्य बघा. आणि मुलांना पायाखालची वाट दाखवून सांगा, की अशीच एक वाट कल्याणच्या लोहाराने इथे करून दिली होती.