दयेचे द्वार

कांजूरमार्गहून धीम्या लोकलने मशीद बंदरला खरेदीस जाण्यात माझी पंचवीस वर्षे सरली. स्थानकाचे नाव एखाद्या मुसलमानी मशिदीवरून पडले असावे, असाच माझा समज होता. गतवर्षी पर्युषणानंतरच्या एका दुपारी सॅम्युएल स्ट्रीटवरील ‘शआर हारहामीम’ हे ज्यू प्रार्थनामंदिर पाहण्याचा योग आला आणि तो समज फिटला. कोकणातून आलेले बेने इस्राएल आपल्या मंदिरास मशीदच म्हणत. त्यावरून स्थानकास हे नाव मिळाले, असे सांगतात. कंपनी सरकारच्या पलटणीतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ साली स्थापिले. नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’.

या समाजाची मातृभाषा मराठी. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मासाठी धंदा थांबविणारा समाज आपणां व्यापाऱ्यांना परका कसा वाटावा?

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, तिश्री महिन्याच्या दशमीला, त्यांचा ‘योम किप्पूर’ येतो. जुनी मंडळी त्यास ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, म्हणत. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, सुमारे २५ तास, अन्न नाही, पाणी नाही. जणू आपला चौविहार उपवास. शुभ्र वस्त्रांत दिवसभर प्रार्थना चालते. पापांची कबुली ‘मी’ म्हणून नव्हे, ‘आम्ही’ म्हणून दिली जाते. अखेरची प्रार्थना ‘नेइला’, म्हणजे द्वार मिटण्याची. मग शिंगाचा दीर्घ नाद होतो आणि उपवास सुटतो. दुसरा दिवस ‘शिळा सण’: दानधर्माचा आणि भेटीगाठींचा.

तेथील एका वृद्ध गृहस्थांनी सांगितलेला नियम मात्र मनात रुतला. ईश्वराप्रती घडलेला अपराध या दिवशी क्षमिला जातो. माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत घातल्यावाचून नाही.

दुकानाच्या वाटणीवरून थोरल्या बंधूंशी माझा तीन वर्षे अबोला होता. दर संवत्सरीला मोबाइलवरून ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश दोनशे जणांना एकदम जाई, त्यांत तेही असत. प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागणारा मी, त्या एका घराची पायरी चढलो नव्हतो.

परतताना घाटकोपरलाच उतरलो. दार वहिनींनी उघडले. दादा वही लिहीत बसले होते.

“दादा, चुकलो. मिच्छामि दुक्कडम्.”

त्यांनी वही मिटली. क्षणभर थांबून म्हणाले, “बैस. सूर्यास्ताला अजून वेळ आहे, जेवूनच जा.”