बिनसमुद्राचे बेट

सुटी आणि समुद्र ही जोडी आपल्या पांढरपेशा घरांतून आता इतकी पक्की झाली आहे, की ‘बेट’ हा शब्द निघताच डोळ्यांपुढे नारळाची झाडे, निळे पाणी आणि वाळूत मांडलेल्या खुर्च्या उभ्या राहतात. अंदमान झाले, मॉरिशस झाले, बाली झाले. शेजारच्या बिऱ्हाडातली मंडळी तिकडून परत येतात आणि आपल्याला दोन तास त्यांची छायाचित्रे पाहावी लागतात. परंतु मराठीत बेट पाण्यातच असले पाहिजे असे मुळीच नाही. बांबूचे बेट असते, आणि सपाट रानात एकटीच उठलेली टेकडीही बेट होऊ शकते. लातूर जिल्ह्यात, उदगीर तालुक्यातील देवर्जन गावाजवळ अशी एक टेकडी आहे. तिचे नाव हत्तीबेट. आणि समुद्रच हवा असेल, तर तोही तेथून फार लांब नाही. नांदेड जिल्ह्यात कंधार येथे राष्ट्रकूटांच्या काळापासून एक ‘समुद्र’ आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

आम्ही उभयतां साठी ओलांडलेली. यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी त्यानंतर तीनतीनदा सांगितले, की आता चाला, चढा, घाबरू नका. यांनी त्यातले ‘चाला’ तेवढे ऐकले. ज्या गृहस्थाने एके काळी राजगड, तोरणा एका दमात केला, तो दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट पाहत उभा राहू लागला. औषध सगळे पोटात जात होते, पण भीती काही जात नव्हती. तेव्हा मी ठरवले, की हवापालट करायचा तो चढायला लावणारा. मात्र चढ असा हवा, की पाहून छातीत धडकी भरू नये. मराठवाड्यातील टेकड्या या कामी फार समजूतदार आहेत.

मार्गशीर्षाच्या अखेरीस रात्रीच्या गाडीने लातूरला उतरलो. सामान टाकून गंजगोलाई पाहावयास निघालो. सोळा रस्ते जिथे एकत्र येतात अशी ही गोल बाजारपेठ १९१७ साली उभी राहिली. एरवी तेथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तो दुकाने बंद, रस्ते ओस. संप आहे की काय, असे रिक्षावाल्याला विचारले. तो हसून म्हणाला, “मावशी, आज येळवस हाय. समदं गाव रानात गेलंय. तुमी कुठं जाऊलालाव? चला आमच्या रानात.”

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागांतला हा मोठा सण. पुण्यामुंबईच्या कालनिर्णयात तो एका ओळीत संपतो, पण लातूरला त्या दिवशी स्थानिक सुटी असते. शेतात कडब्याची खोप करतात, तिच्यात पांडव मांडून पूजा करतात, आणि मग ज्याला ज्याला बोलावता येईल त्याला जेवायला बसवतात. आम्हांला तर रस्त्यावरून उचलून नेले. पानात ज्वारीची भाकरी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबटसर आंबिल आणि भज्जी. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हेत. रानात त्या वेळी असतील नसतील तेवढ्या शेंगा आणि पालेभाज्या डाळीच्या पिठात एकत्र शिजवलेल्या. उंधियूची मराठवाड्यातली बहीण म्हणा. हरभऱ्याला घाटे धरले होते, ज्वारी निसवली होती. २०१६ साली याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे त्या हिरव्या रानात बसून खरे वाटेना. यजमानीणबाई म्हणाल्या, “त्या सालीबी येळवस केली. आंबिल घट्ट केली, इतकंच.”

दुसऱ्या दिवशी खरोशाला गेलो. दोघांना एस. टी.त मिळून एक पूर्ण तिकीट लागले. मला बाई म्हणून अर्धे, यांना पासष्टीपुढचे म्हणून अर्धे. संसारात आजवर कशाचीही इतकी सरळ वाटणी झाली नव्हती. खरोशाची लेणी औसा तालुक्यात आहेत. वेरूळच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना ती प्रथम विचित्र वाटतात, कारण ती तांबूस जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा मऊ, कोरायला सोपा आणि झिजायलाही सोपा. त्यामुळे नरसिंह, शिव-पार्वती ओळखू येतात, पण नाकडोळे पावसाने बरेचसे परत नेले आहेत. चढ मोजका आहे. हे तो चढले, पण दर वीस पावलांनी मनगट धरून नाडी मोजत होते. मी लेणी पाहत होते आणि हे घड्याळ.

तेथून किल्लारी दूर नाही. सहलीत किल्लारी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या भागात येऊन किल्लारीला पाठ दाखवणे मला बरे वाटेना. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी येथे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपलेली. सुमारे १०,००० माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे पक्की, जुनी जमीन, तिला हादरे बसायचे नाहीत, असा तोवर समज होता. माणसे मारली ती धरणीकंपाने, त्याहून अधिक घरांनी: मातीत रचलेल्या गोल दगडांच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद. जी घरे सुरक्षित वाटत होती, तीच अंगावर आली.

जुन्या गावाची जागा पाहून आम्ही नव्या गावात एका बाईंच्या ओसरीवर पाणी प्यायला बसलो. भूकंप झाला तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. नवे गाव आखीव आहे, रस्ते रुंद आहेत, घरे भूकंपाला टिकतील अशी आहेत. त्या म्हणाल्या, “घर चांगलं हाय, पण शेजार लांब गेला. पहिलं भिंतीवरून वाटी देता यायची.” मग थोड्या वेळाने, आम्ही न विचारताच, त्यांनी एक गोष्ट सांगितली. पत्र्याच्या शेडमधून पक्के घर मिळाले, तरी छताखाली झोपायला कोणी धजेना. सगळे अंगणात झोपायचे. घर झाडायचे, सारवायचे, देव आत मांडायचे. झोपायचे मात्र बाहेर. “मग एके रात्री आमची आजी वाकळ घेऊन आत गेली. म्हनली, मी बघते काय होतंय ते. सकाळी उठून चहा टाकला तिनं. दुसऱ्या रातीला आमी समदे आत.”

परतीच्या गाडीत हे काही बोलले नाहीत. नाडीही मोजली नाही, हे मात्र माझ्या लक्षात आले.

उदगीर हे गाव इतिहासाच्या पुस्तकातले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्या लढाईत मोठे काम केले. तोच गारदी आणि तेच भाऊ पुढे वर्षाच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर पडले. उदगीरच्या विजयाने आलेला आत्मविश्वास पानिपताकडे घेऊन गेला, असे यांचे मत; किल्ल्याच्या खंदकाच्या कडेने चालताना ते मला अर्धा तास ऐकावे लागले. किल्ला भुईकोट आहे, खंदक खोल आहे, आत उदागीर बाबांचे स्थान आहे, आणि चालण्यासाठी तो अत्यंत सोयीचा आहे. २०२२ साली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते.

आणि हत्तीबेट! भोवती शेते, मध्ये ही एकटी टेकडी. जांभ्यात कोरलेल्या गुहा, झाडी, वर गंगाराम महाराजांची समाधी. निजामी अमदानीच्या अखेरीस रझाकारांशी झुंजणाऱ्या तरुणांनी या टेकडीचा आसरा घेतला होता; १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्या लढ्यात हत्तीबेटाचे नाव आहे. सह्याद्रीतल्या गडकऱ्यांनी या टेकडीला उंची विचारू नये. परंतु आमच्या घरी तो हिमालय होता.

निम्म्यावर हे बसले. दगडावर टेकून खाली पाहत राहिले. चेहऱ्यावर घाम नव्हता, धापही नव्हती; नुसतेच बसले. मी काही बोलले नाही. अशा वेळी बायकोने बोललेले प्रत्येक वाक्य एक तर उपदेश होते नाही तर टोमणा. शाळेची चार पोरे दप्तरासकट उड्या मारीत वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पाचसात मिनिटांनी हे म्हणाले, “ती आजी रात्रभर झोपली असेल का गं?”

“कोण जाणे,” मी म्हटले. “चहा मात्र टाकला तिने.”

हे उठले. उरलेला चढ आम्ही सावकाश चढलो. वरून चौफेर तुरीची आणि हरभऱ्याची शेते दिसत होती, आणि त्या वेळी समजले की हिला बेट का म्हणावे: वारा आला की खालचे पीक लाटांसारखे हलते. यांनी ते सर्व डोळे भरून पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे: “इथे चहा मिळत नाही का?”

उदगीरहून कंधारला जाताना गाड्या खच्चून भरलेल्या होत्या. माळेगावच्या खंडोबाची यात्रा चालू होती. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार आणि तमाशाचे फड यांसाठी ही यात्रा प्रसिद्ध आहे. आमच्या शेजारी एक म्हातारबा खोगीर मांडीवर घेऊन बसले होते. घोडे घ्यायचे अजून ठरले नव्हते.

कंधार एके काळी राष्ट्रकूटांचे मोठे नगर होते. तिसऱ्या कृष्णाचे नाव या किल्ल्याशी जोडले जाते. भक्कम दुहेरी तटबंदी आणि तिच्याभोवती खंदक. गावात हाजी सय्याह यांचा प्राचीन दर्गाही आहे. पण मला पाहायचा होता तो तलाव. त्याचे नाव जगत्तुंग समुद्र! जगत्तुंग ही राष्ट्रकूटांच्या घराण्यातली पदवी. पाण्याला दुर्मीळ असलेल्या मुलखात ज्याने तळे बांधले, त्याला ते समुद्राएवढेच वाटले असणार. खरा समुद्र कोणी बांधत नाही, आणि त्याचे पाणी पिताही येत नाही. त्या हिशेबाने कंधारचा समुद्रच अधिक मोलाचा.

शेवटचा मुक्काम नांदेड. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी येथे देह ठेवला आणि त्यांच्यानंतर गुरुग्रंथसाहिबच गुरू, असा निर्णय येथेच दिला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेला सचखंड गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. लंगरात पंगतीला बसलो, तेव्हा एका बाजूला अमृतसरहून आलेले वृद्ध जोडपे आणि दुसऱ्या बाजूला गोदावरीकाठचा एक हमाल. डाळ-रोटी सर्वांना सारखीच.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द. मार्गशीर्ष ते माघ हे दिवस उत्तम. पुढे हुरडाही मिळतो. उन्हाळ्यात जाण्याचे धाडस करू नये. पायांत जुने बूट आणि जवळ पाण्याच्या बाटल्या असाव्यात, कारण टेकडीवर मिळेलच असे नाही. औशाचा किल्ला खोलगट जागी असल्याने जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो चुकवू नये. लातूर-सोलापूर रस्त्यावर उजनीची बासुंदी लागते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. आमचे किनवटकडचे सहस्रकुंड आणि माहूरची रेणुका राहिली आहे. माहूरला पायऱ्या पुष्कळ आहेत, असे मी मुद्दाम सांगितले. यांनी पुढच्या मार्गशीर्षाची तारीख काढून ठेवली आहे.