मानकापूरची मुष्टियोद्धी

कोराडीहून नागपुरास जातांना वाटेंत मानकापूर लागतें. तेथील विभागीय क्रीडा संकुलावरून आम्ही कित्येक वर्षें जात येत आहों. परंतु आंत डोकावण्याची बुद्धि आम्हांस कधीं झाली नाहीं. मुष्टियुद्ध म्हणजे एकमेकांचीं नाकें फोडण्याचा उद्योग, अशी आमची समजूत. पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना आपल्या सेवेस मुष्टियोद्ध्याचीच उपमा दिली आहे, हें वर्गांत अनेकदां शिकवूनहि ती समजूत हलली नव्हती.

ती हलली 2021 च्या एप्रिलांत. पोलंडमधील किएल्त्से शहरीं जागतिक युवा मुष्टियुद्ध स्पर्धा झाल्या. भारतास आठ सुवर्णपदकें मिळालीं, त्यांपैकीं सात मुलींनीं जिंकलीं. आणि त्या सातांत आपल्या नागपूरची, मानकापूरच्या याच संकुलांत प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखालीं शिकलेली, अल्फिया पठाण होती. तिचा गट 81 किलोंच्या वरचा, म्हणजे सर्वांत वजनदार. अंतिम सामन्यांत तिनें मोल्दोव्हाच्या प्रतिस्पर्धिनीस 5-0 असें हरविलें. म्हणजे पांच ठोसे नव्हेत, तर पांचहि पंचांचा कौल तिच्या बाजूनें पडला. सामना अवघा तीन तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा! पण तीन मिनिटें हात छातीपाशीं उचलून धरणें म्हणजे काय, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें घड्याळ लावून पाहावें. आम्हीं पाहिलें, दुसऱ्या मिनिटासच खांदे भरून आले.

खालच्या गटांतील खेळाडूंस वजन बेतांत ठेवण्यासाठीं अन्नपाणी तोडावें लागतें. या गटास वरची मर्यादाच नाहीं. समोर किती भारी प्रतिस्पर्धिनी उभी राहील याचा नेम नसतो, आणि आपला भारी देह चपळ ठेवण्याचे कष्ट मात्र रोजचे. 2022 च्या जुलैंत कझाकस्तानांत अल्फियेनें तेथीलच लज्जत कुंगेइबायेव्हा हिला हरविलें. ती 2016 ची जगज्जेती. त्याच वर्षीं अम्मान येथें आशियाई सुवर्णपदकहि तिनें मिळविलें.

एवढ्या पराक्रमानंतरहि ऑलिंपिकचें दार तिच्या गटास बंदच राहिलें. स्त्रियांचें मुष्टियुद्ध 2012 सालीं लंडनला ऑलिंपिकांत आलें. परंतु तेव्हांपासून पॅरिसच्या 2024 च्या स्पर्धांपर्यंत त्यांचा सर्वांत वरचा गट 75 किलोंचाच होता. पॅरिसला पुरुषांसाठीं 92 किलोंच्या वरचाहि गट होता. हा न्याय आम्हांस उमगत नाहीं. पालक विचारतील, मग यांत मिळकत ती काय? अमेरिकेचा धंदेवाईक मुष्टियोद्धा जो लुई 1937 पासून 1949 पर्यंत वजनदार गटाचा जगज्जेता होता. त्यानें अमाप पैसा मिळविला आणि पुढें सरकारी कराच्या थकबाकीनें तो गांजला. तेव्हां मिळकतीविषयीं आम्ही कांहींच बोलूं शकत नाहीं.

आमच्या मनास लागलें तें निराळेंच. 2019 च्या नाताळांत आम्हीं मुलांकडून दावीद व गल्याथ यांची नाटिका बसविली होती. वर्गांत एक दणकट बांध्याची, अबोल मुलगी होती. गल्याथाचें काम कोणास द्यावें याचा आम्हीं क्षणभरहि विचार केला नाहीं. तिच्याकडे बोट दाखविलें, आणि सारा वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों. नाटिका संपली, पण तें नांव तिला चिकटलें. मधल्या सुटींत ती एकटीच डबा खात बसे. तें आम्ही पाहात होतों आणि मुलांचा स्वभावच असा, असें मनाशीं म्हणत होतों. देवानें दिलेल्या ज्या देहाला आम्हीं हंसण्याचा विषय केलें, तसाच देह घेऊन एक मुलगी जगज्जेती झाली, हें वर्तमानपत्रांत वाचलें त्या दिवशीं आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं.

साथ ओसरून शाळा पुन्हां भरूं लागली, तेव्हां आम्हीं तिला व्हरांड्यांत बोलावून तिची क्षमा मागितली आणि जपून ठेवलेलें तें कात्रण तिच्या हातीं दिलें. ती कांहीं बोलली नाहीं. कात्रणाची घडी घालून तिनें कंपासपेटींत ठेवली व वर्गांत निघून गेली. दोन दिवसांनीं तिचे वडील शाळेंत आले आणि विचारूं लागले, "गुरुजी, मानकापूरला नांव घालायचें तर जन्माचा दाखला लागतो का?"