झोपेची विचारपूस

सरकारी रुग्णालयाच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा समाजकार्याची पदवी आणि प्रशिक्षणात मिळालेली एक जाड फाइल एवढीच माझी शिदोरी होती. त्या फाइलीत तृतीयपंथी ‘जोखमीचा गट’ म्हणून भेटले. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. आज मनाच्या दुखण्यांबद्दल मला जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंचसं एका मावशींचं देणं आहे. चौथीत शाळा सुटलेल्या, बाजारात मंगती मागून तृतीयपंथीयांचा डेरा चालवणाऱ्या त्या गुरू. चेल्यांची ओळख उघडी पडू नये म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही.

मावशी चेल्यांना घेऊन तपासणीला यायच्या. मी ठरलेलं विचारायची: जोडीदार किती, निरोध वापरता का, मागची तपासणी कधी झाली. पोरी निमूट उत्तरं द्यायच्या. एकदा सगळ्या बाहेर गेल्यावर मावशी थांबल्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही रक्ताचं सगळं विचारता. झोप लागते का, तेही विचारा की एकदा.”

पुढच्या खेपेला मी विचारलं. पहिलीच मुलगी बराच वेळ रडली. घरच्यांनी बाहेर काढल्यापासून दिवा मालवून ती झोपलीच नव्हती. तेव्हापासून तो प्रश्न मी आधी विचारू लागले, आणि माझ्या फाइलीत नसलेलं पुष्कळ ऐकू येऊ लागलं. भाड्याने खोली मिळत नाही. केसपेपर काढताना सगळी रांग वळून बघते, म्हणून ताप आला तरी मेडिकलवरून गोळी घेऊन भागवायचं. छाती भरावी म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या वाटेल तशा खायच्या. रक्ताची गुठळी होऊ शकते, हे सांगणारं कुणी नाही.

त्यांच्यातल्या एकीने जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, पण वॉर्डात पहिला प्रश्न आला: नातेवाईक कोण? मावशी समोर उभ्या होत्या आणि त्यांना कुणी मोजत नव्हतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला होता. त्याच्या चौदाव्या कलमानुसार सज्ञान माणसाला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून दुसऱ्या कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतं. रक्ताचं नातं लागत नाही. हे कलम मी वाचलं होतं, पण त्याचा उपयोग कुणासाठी आहे, ते त्या वॉर्डात कळलं. मुलगी बोलण्यासारखी झाल्यावर तिने स्वतःच कागद मागितला आणि मावशींचं नाव लिहिलं.

घरी गेल्यावर गोळ्यांची पाकिटं मावशींच्या ताब्यात. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर बसायच्या. रात्री दाराशी आडव्या व्हायच्या. त्या काळात बाजार बुडाला, उसनवारी झाली. ‘कुटुंबाचा आधार’ हे शब्द मी परीक्षेत किती वेळा लिहिले असतील. त्यामागे किती जागरणं असतात, ते मी इथे पाहिलं. सगळे गुरू असे नसतात. कर्ज, दंड, मारहाण यांच्या कहाण्याही मी त्याच खोलीत ऐकल्या आहेत. म्हणून मावशींचं मोल मला अधिक वाटतं.

मी शिकले त्या पुस्तकांत तृतीयपंथी असणंच मनोविकारांच्या प्रकरणात होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते तिथून काढलं आणि नवं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. मी आनंदाने मावशींना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, “मग पोरींना झोप का लागत नाही, ते लिहिलंय का त्यात?”

त्या दिवशी मी त्यांनाच विचारलं, तुम्हाला लागते का? इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. तरुणपणी त्यांचं निर्वाण, म्हणजे लिंगछेदन, दाईच्या हातून झालेलं. तेव्हापासून लघवीची वाट आवळत गेलेली, रात्रभर उठबस. कुठल्याही डॉक्टरला त्यांनी ते दाखवलं नव्हतं. कपडे उतरवल्यावर वॉर्डभर बोभाटा होईल ही धास्ती. तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य उपचार मिळाले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सरकारांना बजावलं होतं. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात त्यांच्यासाठी तीस खाटांचा वेगळा वॉर्ड झाला तो २०२३ मध्ये. आमच्याकडे पुरुषांचा वॉर्ड की बायकांचा, यावरच गाडी अडायची. शेवटी एका सिस्टरनी बाजूची खोली रिकामी करून दिली आणि मावशींचं ऑपरेशन झालं. त्या सिस्टरांचंही ऋण माझ्यावर आहे.

हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथली तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिकं अमेरिकेच्या मदतीवर चालत. हार्मोन, समुपदेशन, रक्ततपासणी एका छताखाली, आणि विचारणारी माणसंही त्याच समाजातली. २०२५ च्या सुरुवातीला ती मदत थांबली, क्लिनिकं बंद झाली. मावशींची एक चेली कल्याणला जायची. ती पुन्हा मेडिकलवरच्या गोळ्यांकडे वळेल, या काळजीने मावशींचा फोन आला. आमच्या जिल्ह्यात हार्मोनचे उपचार नीट समजावून देणारा डॉक्टर मी शोधते आहे. दोघांनी नकार दिला, तिसऱ्यांनी तिला सोमवारी घेऊन यायला सांगितलं आहे. मावशीही येणार आहेत.