सासूबाईंचं खापर आणि नेवासं

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेवाशाला जाऊन आलो. तिथला मोहिनीराज हे आमचं कुलदैवत. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं साठेक किलोमीटरचा तर प्रवास, पण आमचं निघणं वऱ्हाडासारखं! पिशवीत हरभऱ्याची डाळ, गूळ, घरचं तूप, गहू ओलवून दळलेलं वस्त्रगाळ पीठ. आणि सासूबाईंच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं मांड्यांचं खापर. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "आजी, वर ठेवा की ते." त्यांनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. तो निमूट पुढं गेला.

हे खापर त्यांच्या सासूबाईंचं. आमच्या कुलाचाराला पुरणपोळी चालत नाही, मांडेच लागतात. आणि ते सासूनं सुनेलाच शिकवायचे, असा दंडक. मुलीला शिकवले तर घरची विद्या परक्या घरी जाते ना! मला तर दोन्ही मुलीच. थोरली पंधराची, धाकटी अकराची. चार वर्षांपूर्वी थोरलीनं कौतुकानं कणकेला हात लावला, तर आई म्हणाल्या, "तुझ्या सासरी जे असेल ते तिथं शीक." पोरीनं हात धुतले, ती पुन्हा कुलाचाराच्या दिवशी स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. मी मात्र गप्प बसले. शाळेत चाळीस मुलींपुढं तोंड चालवणारी बाई घरात अशी गप्प बसते.

घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा लागला. २०१६ च्या गुढीपाडव्याला तिथला चौथरा बायकांना खुला झाला, असं ह्यांनी सांगितलं. "त्याआधी का नव्हता?" थोरलीचा प्रश्न. आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नेवाशात आधी पैस खांबाला गेलो. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, अशी श्रद्धा आहे. पूजा होते ती खांबाचीच. त्यावर एक जुना लेख कोरलेला आहे, देवाच्या अखंड दिव्याला तेल मिळावं म्हणून दरमहा दिलेल्या दानाचा. तेलाचा हिशेब दगडावर! आपण तो वाण्याच्या वहीत ठेवतो. तिथं खूप वेळ बसावंसं वाटतं, पण धाकटीला भूक लागली होती.

मोहिनीराजाचं देऊळ काळ्या दगडाचं, कोरीव. समुद्रमंथनानंतर विष्णूनं मोहिनीचं रूप घेऊन देवांना अमृत वाटलं ते इथंच, असं सांगतात. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं उडवलेलं शिर राहुरीला पडलं म्हणे. सासूबाईंनी ही गोष्ट हात जोडून सांगितली. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वाढायची वेळ आली तेव्हा देवाला बाई व्हावं लागलं?" हे खो खो हसले. आईंनाही पदर तोंडाला लावावा लागला.

हे देऊळ १७७३ साली होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं. इतिहासातले गंगोबातात्या ते हेच. १७६६ मध्ये मल्हारराव होळकर गेले, पुढच्याच वर्षी नातू मालेरावही गेला. घरात पुरुष उरला नाही, तेव्हा एखादा मुलगा दत्तक घ्यावा आणि कारभार आपल्या हाती द्यावा, असा गंगोबातात्यांचा आग्रह होता. अहिल्याबाईंनी तो मानला नाही. राघोबादादा फौज घेऊन आले तरी त्या बधल्या नाहीत. पेशवे माधवरावांची संमती मिळवून त्यांनी १७९५ पर्यंत, मरेपर्यंत, राज्य सांभाळलं. आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक. २०२४ मध्ये जिल्ह्याला तिचंच नाव मिळालं.

सभामंडपात बसून मी हे मुलींना सांगत होते. आई जवळच वाती वळत होत्या. माझ्याही नकळत माझ्या तोंडून गेलं, "आई, आपल्या घरातही आता ह्या दोघीच आहेत." त्यांनी वातीवरची नजर वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी चुलत जाऊबाईंच्या परसात चूल पेटली. खापर पालथं घातलं, पुरण वाटून झालं, कणीक आपटून आपटून सैल झाली. मी पदर खोचला, तर आई म्हणाल्या, "तू जाळ बघ." आणि थोरलीला हाक मारली, "ये गं, बांगड्या काढून ये."

मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन, या हातावरून त्या हातावर झेलत, कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. पोरीचा पहिला मांडा हातातच फाटला, दुसरा निखाऱ्यात गेला. तिचे डोळे भरून आले. धुरानं, असं ती म्हणाली. आई मागं उभ्या राहिल्या आणि आपले सुरकुतलेले हात तिच्या हातांखाली धरले. पाचवा मांडा खापरावर पडला, एका बाजूला जाड, पण अखंड. त्याची घडी घालून त्यांनी तो नैवेद्याच्या ताटात सगळ्यांत वर ठेवला. मी शिकत होते तेव्हा माझा वाकडा मांडा गाईला घातला होता, हे मला आठवलं. म्हणाले नाही.

धाकटीलाही लगेच हवा होता. "आधी हात लांब होऊ देत," आजीनं सांगितलं.

येताना खापर थोरलीच्या मांडीवर होतं. पण स्वभाव का जातो? घोडेगाव आलं तशा आई तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "सासरी गेल्यावर लगेच सांगू नकोस हो, मांडे येतात म्हणून. उगाच दरवर्षी करायला लावतील."