वैर मिटलें तें असें

आम्ही पालीकर, गोदातीरचें राक्षसभुवन आमच्याच बीड जिल्ह्यांत. तेथें १७६३ सालीं माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला, हें प्रकरण मीं तीस वर्षें वर्गांत मोठ्या आवेशानें शिकविलें. वैर मिटलें कसें, तें मात्र घाईनें उरकीत असें. १७९० त टिपूविरुद्ध दोघेही इंग्रजांच्या बाजूस उभे राहिले; १७९५ त खर्ड्यास पुनः एकमेकांवर तुटून पडले. पुढें १७९८ त निजामानें व १८०२ त दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. झालें, भांडण्याचेंही स्वातंत्र्य गेलें! एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग शेवटीं जिंकलें कोण?” फळ्यावर राक्षसभुवनाचा नकाशा होता. मी मुकाट्यानें तो पुसूं लागलों.